प्रवेश झाला, पुढें काय?

ज्येष्ठ उजाडला कीं आपल्या घरांतून एकच विषय सुरू होतो. बारावीचा निकाल लागलेला असतो. कोणास किती गुण पडले, कोणाला पुण्यास जागा मिळाली, कोणाची नागपुरास राहण्याची सोय झाली, याची चर्चा माजघरापासून ओसरीपर्यंत चालते. प्रवेश मिळाला कीं पेढे वांटले जातात, देवापुढें नारळ फुटतो आणि विषय संपतो. वर्तमानपत्रेंसुद्धां प्रवेशाचेच आंकडे छापतात. परंतु एका आषाढांत ज्यांचें नांव कॉलेजच्या पटावर चढलें त्यांपैकीं किती जण पुढच्या आषाढांत दुसऱ्या वर्षाच्या बांकावर बसले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मला तो विचारावासा वाटतो; कारण तीस-बत्तीस वर्षें चंद्रपूर जिल्ह्यांतील अरण्यालगतच्या शाळेंत मास्तरकी करतांना जीं मुलें मीं वरच्या शिक्षणाच्या वाटेला लावलीं, त्यांतलीं पुष्कळशीं पदवीच्या अलीकडेंच कोठेंतरी थांबलेलीं पाहिलीं. मी स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत थोडें संस्कृत झालें, तेवढेंच. तेव्हां कॉलेजाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. पण दारांतून कोण आंत जातो आणि कोण किती दिवसांत परत येतो, हें बाहेर उभ्या असलेल्यालाच बरें दिसतें.

सरकारी कागदांत या प्रकाराला 'गळती' असें नांव आहे. शब्द मोठा सूचक आहे. छप्पर गळतें तेव्हां आपण पावसाला दोष देत नाहीं. कौल कोठें फुटलें आहे तें पाहतों. घागर गळली तर पाणीच बेजबाबदार होतें असें कोणी म्हणत नाहीं. मुलांच्या बाबतींत मात्र आपली भाषा एकदम उलटते. 'त्याला शिकावयाचेंच नव्हतें', 'घरचें वळण नाहीं', 'रानांतलीं मुलें, टिकणार तरी कशीं!' हीं वाक्यें मीं सुशिक्षितांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलीं आहेत कीं त्यांचा विचार एकदां शांतपणें व्हावा असें वाटतें.

प्रथम या प्रदेशाची थोडी कल्पना दिली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्याचें क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर आणि त्याच्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचें १४,४१२. दोन्ही मिळून गोव्याच्या जवळजवळ सातपट. त्यांतल्या गडचिरोलीची तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमि अरण्याखालीं आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें त्या जिल्ह्याची वस्ती १०,७२,९४२. त्यांत दर शंभरांत अडतीसांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. घरांत बोलावयाची भाषा कोठें गोंडी, कोठें माडिया, सिरोंच्याकडे तेलुगु, मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि वैनगंगेच्या कांठीं आमची झाडीबोली. आगगाडीचें स्टेशन म्हणाल तर वर्षानुवर्षें जिल्ह्याच्या वाट्याला एक वडसाच आलें. भामरागडाशीं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. आणि पुरानें भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटल्याची वार्ता पावसाळ्यांत कितीदां तरी वाचावयास मिळते.

या मुलखाचें विद्यापीठ फार दिवस नागपूर होतें. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें आणि चांदा जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रिकेंतली चूक दुरुस्त करून घ्यावयाची तर नागपूर गांठावें लागे. जाऊन-येऊन दोन-तीन दिवस, दोन वेळचें जेवण आणि एका मुक्कामाची विवंचना. २७ सप्टेंबर २०११ रोजीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि २ ऑक्टोबरपासून, गांधी-जयंतीच्या दिवशीं, त्याचें काम सुरू झालें. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतलीं कॉलेजें त्याच्याकडे आलीं. ही गोष्ट फार मोलाची झाली यांत शंका नाहीं. तरीही सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरांच्या घरांत आहेच. आणि दुसरें एक अंतर, प्रवेशापासून पदवीपर्यंतचें, विद्यापीठ जवळ आल्यानें आपोआप कमी होत नाहीं.

सबंध देशाचें माप पाहूं. २०२१-२२ च्या सरकारी पाहणींत अठरा ते तेवीस या वयाच्या लोकसंख्येशीं उच्च शिक्षणांत नांव असलेल्यांचें प्रमाण शेंकडा २८.४ निघालें, अनुसूचित जमातींचें २१.२. हें माप वाढत आहे, आनंद आहे. पण हेंही पुन्हां पटावरच्या नांवांचेंच माप. नांव आहे आणि मूल कोठें आहे, हें त्यांत नाहीं.

आतां आपल्या घरांकडे वळूं. एकत्र कुटुंबांतला मुलगा कॉलेजांत जातो तेव्हां त्याच्याबरोबर आणखी चार-पांच माणसें अदृश्यपणें त्या वर्गांत जातात. थोरला काका बी. एस्सी. झालेला असतो, त्याला ऐच्छिक विषय कोणता घ्यावा हें ठाऊक असतें. आत्याचे यजमान प्राध्यापक असतात. मामेबहिणीनें दोन वर्षांपूर्वीं तोच अभ्यासक्रम केलेला असतो, तिच्या वह्या माळ्यावर असतात. एका विषयांत नापास झालें म्हणून वर्ष बुडत नाहीं, ए. टी. के. टी. मिळते आणि वरच्या वर्गांत बसतां येतें. अंतर्गत गुण म्हणजे काय. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख चुकली तर विलंबशुल्क भरून तो देतां येतो. प्राध्यापकाला तास संपल्यावर शंका विचारली तर तो रागावत नाहीं. हें सारें कोणत्याच पुस्तकांत नसतें. तें पंगतींत, भात कालवतां कालवतां कानावर पडतें. म्हणूनच तें ज्ञान आहे हेंही आपल्या ध्यानांत येत नाहीं. आपला मुलगा टिकला तो केवळ आपल्या बुद्धीनें टिकला असें आपण समजतों.

जुनें उदाहरण घ्या. कोंकणांतून किंवा देशावरून पुण्यास शिकावयास आलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवत असे. सात दिवस, सात घरें. त्यानें पोट भरे हें खरेंच. पण सोमवारच्या घरची काकू त्याला 'गेल्या खेपेस कां आला नाहींस? अंगांत कसर आहे का?' असें विचारी, आणि गुरुवारच्या घरचे अण्णा 'परीक्षा केव्हां, तयारी कोठवर आली?' म्हणून त्याला टोकीत. सात घरांचे डोळे त्याच्यावर असत. वार नको असलेल्या मुलांसाठीं पुढें संस्था निघाल्या. १९०९ सालचें पुण्याचें अनाथ विद्यार्थी गृह त्यांतलें एक. मात्र वाराचें घर जातीपुरतें होतें, हें सांगितल्याशिवाय पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सर्व जातिधर्मांचीं मुलें एका पंगतीस बसवून शिकविण्याचें काम कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्याच्या वसतिगृहांत करून दाखविलें, आणि तेथेंही नुसतें छप्पर आणि भाकरी नव्हती. मुलगा कोठें आहे, काय करतो, हें पाहणारीं माणसें होतीं.

अरण्यांतल्या मुलाच्या घरीं प्रेम कमी असतें असें नाहीं. पोराला कॉलेजांत घालण्यासाठीं बैल विकणारे बाप मीं पाहिले आहेत. पण त्या घरांत कॉलेजाची वाट कोणीच चाललेला नसतो. बाप विचारतो, 'गुरुजी, किती सालांत मोकळा होईल?' आणि तीन वर्षें ऐकून गप्प राहतो. पुढचें त्याला विचारतां येत नाहीं, कारण काय विचारावयाचें हेंच ठाऊक नसतें.

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेला एक गोंड कुटुंबांतला मुलगा, गणितांत चांगला, तालुक्याच्या गांवीं विज्ञानशाखेंत गेला. दिवाळीनंतर पुष्कळ दिवसांनीं तो मला गुरें घेऊन जातांना दिसला. मीं विचारलें, 'कां रे, सुट्टी संपली नाहीं का अजून?' तो म्हणाला, 'मी आतां जात नाहीं, गुरुजी.' हकीकत अशी निघाली कीं धान कापणीसाठीं तो आठ दिवस घरीं आला होता, त्याच आठ दिवसांत परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत गेली. सूचना फळ्यावर लागली होती. फळा कॉलेजांत, मुलगा शेतांत. परत गेल्यावर कारकुनानें 'मुदत संपली' एवढेंच सांगितलें. विलंबशुल्काची गोष्ट त्यानें विचारली नाहीं आणि यानेंही सांगितली नाहीं. मुलगा समजला कीं आपलें नांव गेलें. तो बिछाना गुंडाळून घरीं आला. मीं म्हटलें, 'तुला कोणी काढलें का?' त्यावर त्यानें जें उत्तर दिलें तें मला विसरतां येत नाहीं. 'जा असें कोणी म्हटलें नाहीं, गुरुजी. आणि थांब असेंही कोणी म्हटलें नाहीं.'

कॉलेजांतून मूल निघून जाण्याची रीत बहुधा अशीच असते. तो एक मोठा निर्णय नसतो. एका आठवड्याची गैरहजेरी, तिच्यामुळें वाटणारा संकोच, संकोचामुळें दुसरा आठवडा, आणि मग परत जाण्याची लाज.

या गैरहजेरीचें एक पंचांगच आहे, आणि तें विद्यापीठाच्या पंचांगाशीं नेमकें आडवें येतें. तास सुरू होतात तेव्हां धानाची रोवणी चालू असते. घरांतला धडधाकट मुलगा त्या वेळीं चिखलांत हवा असतो. त्याच सुमारास पूर येतात आणि वाटा बंद होतात, म्हणजे ज्या पहिल्या पांच-सहा आठवड्यांत नव्या मुलानें वर्गांत रुळावयाचें तेच आठवडे त्याचे जातात. कार्तिक-मार्गशीर्षांत कापणी व मळणी. नेमकी हिंवाळी परीक्षा तोंडावर. नंतर कांहीं कुटुंबें मिरची तोडावयास तेलंगणांत जातात आणि घर सांभाळावयास किंवा मजुरीला हात लावावयास शिकतें मूलच सांपडतें. फाल्गुन-चैत्रांत मोहफुलें. तीं पहाटे झाडाखालीं वेंचावीं लागतात. उन्हें चढलीं कीं गुरेंढोरें आणि रानजनावरें वांटेकरी होतात. आणि वैशाखांत तेंदूपानें. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, पण पुष्कळ घरांत वर्षाची मोठी रोकड त्या थोड्या दिवसांतच येते. उन्हाळी परीक्षेचें वेळापत्रक या हंगामावर पडलें म्हणजे मुलापुढें प्रश्न उभा राहतो: पेपर द्यावा कीं पानें तोडावीं? शहरांत बसून या प्रश्नाचें उत्तर सोपें वाटतें. पानांच्या पैशांतूनच पुढच्या वर्षाचें भाडें आणि वह्या निघावयाच्या असतात, हें कळलें म्हणजे तें इतकें सोपें राहत नाहीं.

दुसरा मोठा विषय कागदांचा. सरकारनें शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत, फी माफ केली आहे; ज्या आदिवासी मुलांना सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेंतून जेवणाखाण्याचे व राहण्याचे पैसे थेट खात्यांत जमा होतात. योजना चांगल्या आहेत, आणि त्यांची टिंगल करण्याची जी रीत पडली आहे ती मला पसंत नाहीं. पण हप्ता येतो तो महिन्यांच्या अंतरानें, आणि घरमालक भाडें मागतो तें एक तारखेला. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचा. तो दरवर्षीं नव्यानें भरावा लागतो. त्यासाठीं ओटीपी यावा लागतो, तो जुन्या मोबाईल-क्रमांकावर जातो, आणि जुनें सिमकार्ड मुलानें वर्षापूर्वींच टाकून दिलेलें असतें. बँकेचें खातें आधाराशीं जोडलेलें नसतें. सारें जुळलें तरी अर्ज कॉलेजच्या कारकुनाच्या संगणकांत अडकून पडतो आणि मुलाला वाटतें, आपलें काम झालें! फाल्गुनांत कळतें कीं पैसे आले नाहींत. तोंवर खाणावळीची बाकी फुगलेली असते.

व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे जाणाऱ्यांना जात वैधता प्रमाणपत्राचें आणखी एक दिव्य असतें. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराकडून ६ सप्टेंबर १९५० च्या पूर्वींचा पुरावा मागतात. ज्या पणज्यानें कधीं शाळा पाहिली नाहीं त्याचा शाळेचा दाखला कोठून येणार? मग तहसील कचेरींत कोतवाल बुकाच्या नकला शोधाव्या लागतात. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावणारे निघाले म्हणून ही कसोटी आली, हेंही खरें आहे. तरी तिचा भार खऱ्यावरच अधिक पडतो. मला येथें छांदोग्योपनिषदांतल्या सत्यकामाची आठवण होते. गौतमानें त्याला गोत्र विचारलें. त्यानें आईनें सांगितलें होतें तें जसेंच्या तसें सांगितलें, कीं तिलाच तें ठाऊक नाहीं. गुरूनें त्या सत्यावर त्याला ठेवून घेतलें. या कथेचा हा पूर्वार्ध सर्वांच्या तोंडीं असतो. मला उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. चारशें रोडक्या गाई देऊन गुरूनें त्याला रानांत पाठविलें, आणि गाई हजार झाल्यावर तो परतला तेव्हां गुरूनें प्रथम त्याच्या तोंडाकडे पाहिलें. तुझ्या मुखावर तेज दिसतें, तुला कोणीं शिकविलें, असें विचारलें. इतक्या वर्षांनीं परत आलेल्या शिष्याच्या चेहऱ्यांतला फरक ओळखावयास तो चेहरा आधीं पाहिलेला असावा लागतो.

मुलींची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे, पण थोडक्यांत. एस. टी. चा मोफत पास ग्रामीण मुलींना मिळतो तो बारावीपर्यंतच्या शिक्षणासाठीं आखलेला. मानव विकासच्या निळ्या गाड्याही शाळकरी मुलींसाठीं. कॉलेजांत गेल्याबरोबर पास विकत घ्यावा लागतो. सवलत मोठी आहे, विद्यार्थ्याला एक-तृतीयांशच भरावें लागतें, तरी दर महिन्याला रोख पैसे काढावे लागतात. आणि घरांत मुलगा व मुलगी दोघेंही असलीं तर ते कोणासाठीं निघतात हें सांगावयास नको. त्यांत शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि प्रात्यक्षिक पांचला संपतें, असें झालें तर मुलगी प्रात्यक्षिक सोडते. प्रात्यक्षिक सोडलें कीं विषय सुटतो. येथें मुलीला उपदेशाची गरज नाहीं. आगार-व्यवस्थापकाला पत्र लिहिणारा एक प्राध्यापक पुरे.

पाश्चात्य देशांत या प्रश्नाचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठानें १८८९ सालींच नव्या मुलांसाठीं सल्लागार प्राध्यापकांचें मंडळ नेमलें होतें. पुढें व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन विद्वानानें विद्यार्थी कॉलेज कां सोडतो याची उपपत्ति मांडली. त्याचा मुख्य ग्रंथ १९८७ चा. त्याचें म्हणणें असें कीं कॉलेजांत जाणें हा एक संस्कार आहे: जुन्या समाजापासून विलग होणें, मधल्या अवस्थेंत राहणें, आणि नव्या समाजांत सामावणें. आपल्याला हें समजावयास मुळींच कठीण नाहीं. मुंजींत मातृभोजन होतें, मग बटु आईच्या ताटापासून उठतो, भिक्षा मागतो, आणि गुरुगृहीं स्वीकारला जातो. कॉलेजांत विलग होणें तेवढें आहे; सामावून घेण्याचा विधि कोणी करीत नाहीं. नांवनोंदणीची पावती म्हणजे कांहीं उपनयन नव्हे!

परंतु टिंटोवर एक आक्षेप आला, तो आमच्या मुलखाला फार लागू आहे. विल्यम टिअर्नी यानें १९९२ सालीं लिहिलें कीं संस्कार हा आपल्याच समाजांत होतो. मुंज झालेला मुलगा आपल्याच घरीं परततो. अमेरिकेंतल्या मूळ रहिवाशांच्या मुलाला मात्र कॉलेज सांगतें, तूं आपला समाज सोड आणि आमच्यांत ये. हा संस्कार नव्हे, हें परधर्मांत जाणें झालें. माडिया मुलाला गोटुल, पंडुम, गांवचा सण सोडूनच पदवी मिळत असेल तर तो दोहोंमधून काय निवडील? टिकवावयाचा असेल तर घराशीं त्याचा धागा तुटूं न देतांच टिकवावा लागेल. सणाला दोन दिवस गेलेला मुलगा गैरहजर नसतो. तो परत येणार आहे का, एवढेंच पाहावयाचें असतें.

उपाय काय, असें वाचक विचारतील. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठानें २००७ सालीं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या गरीब विद्यार्थ्यांसाठीं 'असॅप' नांवाची एक योजना काढली. प्रत्येक सल्लागाराकडे साठ-ऐंशींच विद्यार्थी; एरवीं सल्लागारामागें शेंकड्यांनीं असत. विद्यार्थ्यानें त्याला वरचेवर भेटावयाचेंच. शिवाय फीमधली तूट भरून देणें, पुस्तकें, आणि आगगाडी-बसचा महिन्याचा पास. गंमत अशी कीं पास मिळवावयाचा तर सल्लागाराला भेटलें पाहिजे. चिठ्ठ्या टाकावयाच्या तशी निवड करून या विद्यार्थ्यांची इतरांशीं तुलना केली, तेव्हां तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचें प्रमाण योजनेंतल्या मुलांत शेंकडा ४० आणि बाहेरच्यांत २२ निघालें. मुलें तींच, शहर तेंच. विचारणारें माणूस आणि बसचा पास एवढाच फरक नव्हता, पण मुख्य फरक तो होता. अहेरी किंवा एटापल्लीच्या कॉलेजाला न्यूयॉर्कचा खर्च झेपणार नाहीं हें मलाही कळतें. पण बसचा पास आणि विचारपूस यांची सांगड घालण्याला खर्च लागत नाहीं.

आपल्याकडे ही कल्पना नाहीं असें नाहीं. कॉलेजांतून 'पालक-शिक्षक' नेमलेले असतात. नॅकच्या तपासणींत एका मार्गदर्शकामागें किती विद्यार्थी हें विचारतात, म्हणून त्याच्या नोंदवह्याही असतात. मात्र कित्येक ठिकाणीं त्या वह्या तपासणीच्या आदल्या महिन्यांत एका शाईनें, एका हातानें लिहिल्या जातात, असें तेथलेच लोक हंसत सांगतात. यांत सगळा दोष प्राध्यापकांचा मानणें अन्यायाचें होईल. पुष्कळ जागा रिकाम्या आहेत आणि त्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनीं भरून काढलेल्या आहेत. ज्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, त्याच्याकडून तास संपल्यावर मुलाच्या घरच्या धानाची चौकशी व्हावी ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची? पालक-शिक्षकाच्या कामाला आठवड्याचे दोन तास धरून त्यांचा मोबदला द्यावा. तेवढें केल्याशिवाय बाकीचीं परिपत्रकें व्यर्थ आहेत असें माझें स्पष्ट मत आहे.

नव्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानें, म्हणजे २०२० च्या, एक दार उघडलें आहे. एक वर्ष पुरें करून, त्याला जोडून एक छोटा व्यवसाय-अभ्यासक्रम केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतां येतें, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी. आणि तीन वर्षांच्या आंत परत येऊन सात वर्षांच्या मर्यादेंत शिक्षण पुरें करतां येतें. मिळविलेले श्रेयांक पेढीसारखे जमा राहतात. हें दार आमच्या मुलांना फार उपयोगी पडेल. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पुरते, म्हणून गडचिरोलीकडचीं किती तरी मुलें पहांटे धांवण्याचा सराव करतात आणि भरती निघाली कीं वर्ग सोडतात. सुरजागडच्या लोहखाणीची नोकरीही कांहींना ओढते. नोकरी मिळाली तर तें वाईट नव्हे. प्रत्येक जाणें म्हणजे गळती नव्हे. पण भरतींत न निवडलेल्याला तूं परत येऊं शकतोस, तुझें मागचें वर्ष जमा आहे, हें कोणी सांगावयाचें? न सांगितलें तर जें दार परत येण्यासाठीं ठेवलें तें नुसतें बाहेर जाण्याचेंच होईल, ही मला भीति आहे.

गोंडवाना विद्यापीठानें 'विद्यापीठ आपल्या गावात' हा जो उपक्रम हातीं घेतला, तो मला यासाठीं आवडतो. ज्यांचें शिक्षण अर्ध्यावर राहिलें त्यांनीं गांव सोडून कॉलेजाकडे येण्याऐवजीं ग्रामसभेच्या साह्यानें वर्गच गांवांत न्यावयाचा, ही त्यांतली कल्पना. हंगाम कोणता, गांवांत सण कोणता, हें तेथें वेगळें सांगावें लागत नाहीं.

माझी एक सूचना आहे, ती अगदीं मास्तरी थाटाची. गांवच्या शाळेचा मास्तर आणि कॉलेजचा पालक-शिक्षक यांची ओळख असावी. बारावीच्या मुलाबरोबर शाळेनें एक कागद द्यावा: घरची भाषा कोणती, घरीं मोबाईल लागतो का, कोणत्या महिन्यांत त्याला घरीं जावें लागतें, निरोप कोणाकडे द्यावा. मुलगा सलग तीन दिवस दिसला नाहीं तर पालक-शिक्षकानें त्या निरोप्याला विचारावें. निरोप्या म्हणजे मास्तर असेल, आशाताई असेल, ग्रामसभेचा माणूस असेल. चौथ्या दिवशीं कोणी तरी दारांत येऊन 'कां रे, गेला नाहींस?' म्हणाला, तर निम्मीं मुलें परत जातील असा माझा अनुभव आहे. महिन्यानें गेलें तर फार थोडीं.

आणि आपल्या घरांकडे एक मागणें आहे. चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, नागपूर या गांवीं आपल्या कुटुंबांतून निवृत्त प्राध्यापक, बँकेंतले, टपाल कचेरींतले, कचेरींत आयुष्य गेलेले पुष्कळ जण आहेत. अर्ज कसा भरावा, कोणत्या कागदाला कोणता कागद जोडावा, साहेबाशीं काय बोलावें, हें त्यांच्या हातचें काम आहे. आठवड्यांतून एक दुपार त्यांनीं जवळच्या कॉलेजच्या व्हरांड्यांत एक टेबल मांडून बसावें. प्राचार्यांची परवानगी लागेल, बहुतेक देतील. बरोबर चष्मा, एक चालू मोबाईल, चार्जर, आणि विलंबशुल्कासाठीं पाकिटांत शंभर-दोनशें रुपये असावे. घरांतल्या बायकांपैकीं कोणी आल्या तर मुली लौकर बोलूं लागतात. मुलें प्रथम येणार नाहींत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत एखादें लांबून पाहून जाईल. सुरुवात श्रावणांत करावी. तोंवर शिष्यवृत्तीची गडबड सुरू होते, रोवणी आटोपत आलेली असते, आणि पूर ओसरून पहिल्या गाड्या सुटूं लागलेल्या असतात.